अँझॅक बिस्किटं घरी कशी करायची: प्रमाण, कृती आणि बिघडतं कुठे

ओट्स, मैदा, साखर, सुकं खोबरं, लोणी, गोल्डन सिरप, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. एवढ्यात अँझॅक बिस्किट होतं. अंडं नाही, दूध नाही, इसेन्स नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दरवर्षी २५ एप्रिलला, अँझॅक दिनाच्या आसपास, ही बिस्किटं घरोघरी भाजली जातात. कृती सोपी आहे, पण घटक थोडे असल्यामुळे प्रत्येकाचं काम नेमकं ठरलेलं आहे. अंडं बांधून ठेवायचं जे काम करतं ते इथे सिरप करतं. दूध नाही म्हणून बिस्किट लवकर खराब होत नाही. पहिल्यांदा करणारे पुष्कळ जण ‘जरा चांगलं व्हावं’ म्हणून एक अंडं फोडून घालतात आणि मग केकसारखं फुगलेलं, दोन दिवसांत मऊ पडणारं काहीतरी हाती येतं. पहिल्या घाण्याला तरी कृतीत हात घालू नका.

नावामागचा गोंधळ

अँझॅक हे ‘ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर’ या नावाच्या आद्याक्षरांचं झालेलं नाव. २५ एप्रिल १९१५ रोजी हे सैन्य तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलं आणि डिसेंबरात तिथून माघारी आलं. त्या आठ महिन्यांत सैनिकांच्या शिध्यात बिस्किट होतंच, पण ते आजचं गोड, ओट्सचं बिस्किट नव्हे. ते होतं पीठ-पाण्याचं, दगडासारखं कडक, चौकोनी बिस्किट. त्याला ‘अँझॅक टाइल’ म्हणजे अँझॅक फरशी असंही म्हणत. दात तुटायची भीती असल्यामुळे सैनिक ते ठेचून किंवा किसून पाण्यात शिजवत आणि लापशीसारखं खात. काहींनी त्यावर मजकूर लिहून ते पत्रासारखं घरी धाडलं. अशी बिस्किटं कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमध्ये जपून ठेवलेली आहेत.

ओट्सचं गोड बिस्किट घरच्या बायकांनी केलेलं. त्यातली काही पार्सलने आघाडीवर गेली, पण बरीचशी युद्धनिधीसाठी भरलेल्या जत्रांमध्ये आणि विक्रीच्या टेबलांवर खपली. नाव आणि कृती यांची जोडी तर आणखी उशिरा, १९२०च्या आसपास पक्की झाली. त्याआधी ‘अँझॅक’ नावाखाली वेगळ्याच कृती छापल्या जात. खोबरंसुद्धा मागाहून आलं. म्हणून खोबऱ्याशिवाय केलेलं बिस्किटही तितकंच अस्सल आहे.

‘अँझॅक’ हा शब्द ऑस्ट्रेलियात १९२१ पासून कायद्याने जपलेला आहे. बिस्किटांना ते नाव लावून विकायचं असेल तर मूळ कृतीत फार फेरफार चालत नाही, आणि त्यांना ‘कुकी’ म्हणता येत नाही, ‘बिस्किट’च म्हणावं लागतं. चॉकलेटचे तुकडे घालून घरी करायला कोणाची ना नाही, फक्त त्याला दुसरं नाव द्यावं.

गॅलिपोलीत भारतीय सैनिकही होते. सातव्या भारतीय पहाडी तोफखाना ब्रिगेडच्या तोफा पहिल्याच दिवशी अँझॅक सैन्याबरोबर किनाऱ्यावर उतरल्या होत्या, आणि खेचर दलाचे जवान पाणी आणि दारूगोळा वर चढवत होते. गाढवावरून जखमींना खाली आणणारा जॉन सिम्पसन किर्कपॅट्रिक भारतीय तोफखान्याच्या तळावर राहायचा आणि त्यांच्यातच जेवायचा. शिध्यातल्या फरशीपेक्षा ताजी चपाती बरी, हे सांगायला नको.

साहित्य (२६-२७ बिस्किटं)

- रोल्ड ओट्स १०० ग्रॅम
- मैदा १५० ग्रॅम
- साखर १५० ग्रॅम (निम्मी पांढरी, निम्मी ब्राउन)
- डेसिकेटेड नारळ ७५ ग्रॅम
- लोणी म्हणजे बटर १२५ ग्रॅम
- गोल्डन सिरप ६० ग्रॅम
- खायचा सोडा ४ ग्रॅम (मापाचा पाऊण चहाचा चमचा, सपाट)
- उकळतं पाणी ३० मिली
- बटर बिनमिठाचं असेल तर दोन चिमटी मीठ

वजनकाटा वापरा. ऑस्ट्रेलियन कृती कप-चमच्यांत लिहिलेल्या असतात आणि तिथला मोठा चमचा २० मिलीचा असतो, आपल्याकडे मिळणारा मापाचा चमचा १५ मिलीचा. ‘दोन मोठे चमचे सिरप’ वाचून आपल्या चमच्याने घेतलं तर साठाऐवजी बेचाळीस-त्रेचाळीस ग्रॅमच पडतं. मग बिस्किटं कोरडी होतात, भुरभुरतात, आणि दोष ओव्हनला दिला जातो.

कोणता जिन्नस कसा घ्यायचा

ओट्सच्या पाकिटावर ‘रोल्ड’ असं स्पष्ट लिहिलेलं पाहून घ्या. दाणा अख्खा, पोह्यासारखा चपटा दिसला पाहिजे. दोन मिनिटांत शिजणारे झटपट ओट्स बारीक तुटलेले असतात. ते पाणी पटकन ओढतात आणि बिस्किटाचा चिवटपणा जातो. दुसरे नसतीलच तर तेच वापरा, फक्त ८५ ग्रॅम घ्या. मसाला ओट्स अर्थातच नाहीत, आणि स्टील कट म्हणजे ओट्सच्या कण्याही नाहीत, त्या इतक्या वेळात शिजत नाहीत.

नारळ कोरडा हवा. ओला खोवलेला नारळ घातला तर त्यातल्या पाण्याने पीठ सैल होतं, आणि बिस्किट चार दिवसांत आंबूस लागतं. घरच्या सुक्या खोबऱ्याचा कीस चालतो, पण आधी चिमूटभर चावून पाहा. जरासा खवट वास असेल तर भाजल्यावर तो दुप्पट होतो. खोबरं आधी भाजू नका, ओव्हनमध्ये ते पुरेसं भाजलं जातं.

आपल्याकडचं नेहमीचं टेबल बटर खारं असतं. ते घेतलंत तर वेगळं मीठ नको. तूप वापरायचं असेल तर हिशेब असा: बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं मुख्यतः पाणी. म्हणून १२५ ग्रॅम बटरऐवजी १०० ग्रॅम तूप आणि २० मिली जास्तीचं पाणी. सव्वाशे ग्रॅम तूप घातलं तर पीठ तुपाने सुटतं आणि बिस्किटं ट्रेवर पातळ पसरतात. तुपाची बिस्किटं खुसखुशीत, नानकटाईच्या अंगाने जाणारी होतात. चव छान असते, पण चिवटपणा कमी.

साखरेने पोत ठरतो. सगळी पांढरी साखर घातली तर बिस्किट कुरकुरीत होतं, सगळी ब्राउन घातली तर मऊ आणि चिवट. निम्मी-निम्मी घेतली की कडा कुरकुरीत आणि मध्य चिवट. जाड दाण्याची साखर मिक्सरमधून एकदाच फिरवून घ्या, पार पिठीसाखर करू नका.

सोड्याऐवजी बेकिंग पावडर चालणार नाही. तिच्यात आम्ल आधीच मिसळलेलं असतं, उकळत्या पाण्यात पडताच तिचा बराचसा जोर पातेल्यातच संपतो. शिवाय सोड्याने मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि त्यामुळेच बिस्किटाला तांबूस रंग आणि भाजका वास येतो. सोडा जुना असेल तर लिंबाच्या चार थेंबांवर चिमूटभर टाकून पाहा. जोरात फसफसला तरच वापरा.

गोल्डन सिरप: विकतचं, घरचं, की काकवी?

सगळी चव या एका जिनसात आहे. गोल्डन सिरप म्हणजे मधासारखा दाट, सोनेरी, किंचित आंबट झाक असलेला साखरेचा पाक. त्यातल्या साखरेचा बराच भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटलेला असतो, म्हणून तो घट्ट राहूनही दाणेदार होत नाही. ओलावा धरून ठेवायचा गुण त्यातूनच येतो, आणि बिस्किटाचा मध्य चिवट राहतो तो याच्यामुळे. साधा साखरेचा पाक घातला तर हे काहीच होत नाही. थंड झाल्यावर बिस्किट खडीसाखरेसारखं कडक होतं.

मोठ्या शहरांत सिरपची बाटली मिळते. मिळत नसेल तर घरी करा. जाड बुडाच्या पातेल्यात १०० ग्रॅम साखर आणि ३० मिली पाणी मंद आचेवर ठेवा. साखर विरघळून गडद मधाचा रंग आला की आच बंद करा आणि २५० मिली उकळतं पाणी हळूहळू ओता. हात लांब ठेवा, वाफ जोरात उसळते. गार पाणी कधीच ओतू नका. मग ४०० ग्रॅम साखर घाला, विरघळेपर्यंतच ढवळा, लिंबाच्या दोन चकत्या टाका आणि अगदी मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं न ढवळता उकळू द्या. ढवळलं की कडेला दाणे धरतात. ते दिसले तर ओल्या ब्रशने पुसून घ्या. थर्मामीटर असेल तर १०८ ते ११० अंशांवर थांबा. नसेल तर गार ताटलीवर थेंब टाकून एक मिनिट थांबा आणि ताटली तिरकी करा. थेंब मधाच्या गतीने ओघळला की झालं. गरम असताना ते पातळच दिसतं, त्याला फसून आटवत बसलात तर गार झाल्यावर बरणीतून चमचा निघणार नाही. लिंबाच्या चकत्या काढून टाका. अर्ध्या लिटरच्या बरणीत मावेल एवढं सिरप होतं, आणि ते बाहेर महिनाभर सहज टिकतं.

काकवी हा आपल्याकडचा सर्वांत जवळचा पर्याय आहे. कोल्हापूरकडची ताजी काकवी घातलेली बिस्किटं गडद, गुळचट आणि थोडी खमंग होतात. काकवी सिरपपेक्षा पातळ असते, म्हणून ६० ग्रॅम काकवी घेतली तर उकळतं पाणी ३० ऐवजी २० मिली घ्या. रंग आधीच गडद असल्यामुळे भाजल्याचा अंदाज डोळ्यांना येत नाही, तेव्हा घड्याळावर भरवसा ठेवा. मध घालता येतो, पण तो लवकर करपतो. ओव्हन १० अंशांनी कमी ठेवा.

कृती

ओव्हन १७० अंश सेल्सियसला लावा, पंखा चालू असेल तर १५५ ते १६०. ओटीजी म्हणजे छोटा विजेचा ओव्हन असेल तर त्याला किमान पंधरा मिनिटं तापू द्या. ट्रेवर बेकिंग पेपर अंथरा. तूप लावलेल्या ट्रेवर बिस्किटं जास्त पसरतात.

मोठ्या परातीत किंवा पातेल्यात मैदा चाळून घ्या. त्यात ओट्स, साखर, नारळ आणि लागत असेल तर मीठ घालून हाताने सारखं करा. साखरेचे खडे फोडा. मध्ये खळगा करून ठेवा.

आता दुसरं पातेलं. ते दिसायला गरजेपेक्षा मोठं वाटेल असं, निदान दीड लिटरचं घ्या. त्यात बटर आणि सिरप मंद आचेवर विरघळवा. दोन्ही एकजीव होऊन कडेला बारीक बुडबुडे आले की आच बंद. खळाखळा उकळू देऊ नका, पाणी उडून जातं आणि पुढे पीठ मिळून येत नाही.

वाटीत सोडा घ्या, त्यावर मोजून ३० मिली उकळतं पाणी ओता आणि ढवळा. तळाशी एकही कण राहता कामा नये. हे पाणी लगेच बटरच्या पातेल्यात ओता. इथे क्षणभर थांबून बघण्यासारखं आहे. तळाशी पारदर्शक, पिवळं असलेलं मिश्रण आधी कडेने पांढुरकं होतं, मग मऊ फसफस ऐकू येते, आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा फिका, दाट फेस पातेल्यात वर चढतो. सिरपमधलं आम्ल आणि सोडा यांची गाठ पडली याची ही खूण. फेस आलाच नाही तर सोडा मेलेला आहे. तिथेच थांबा, ताज्या सोड्याचं पाणी करून पुन्हा ओता.

फेस बसायच्या आत तो कोरड्या मिश्रणाच्या खळग्यात ओता आणि लाकडी उलथन्याने झपाझप मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की पुरे. मळायचं नाही, मळलं की मैद्याला ताण येतो आणि बिस्किट चिवट न होता वातड होतं.

मूठभर मिश्रण दाबून पाहा. गोळा टिकला आणि तळवा नुसता चकचकला तर प्रमाण बरोबर. गोळा फुटत असेल तर उकळतं पाणी एकेक चहाचा चमचा घाला, दोनपेक्षा जास्त नको. बटर बाहेर सुटून आल्यासारखं वाटलं तर लगेच मैदा घालायला धावू नका. दहा मिनिटं झाकून ठेवा, ओट्स ते ओढून घेतात.

ऑस्ट्रेलियात एप्रिल म्हणजे शरद ऋतूचा गारवा. आपल्याकडे एप्रिलात स्वयंपाकघर पस्तीस अंशांच्या पुढे असतं आणि बटर घट्ट व्हायचं नावच घेत नाही. उन्हाळ्यात मिश्रण वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मगच गोळे करा. त्याहून जास्त ठेवलं तर ते भुगा होऊन सुटतं.

२५ ग्रॅमचा एक, म्हणजे साधारण लिंबाएवढा गोळा करा. गोळ्यांमध्ये ५ सेंमी अंतर ठेवा. तळहाताने हलके दाबून जाडी एक सेंमीच्या आसपास आणा. कडा चिरल्या तर बोटांनी मिटवा.

भाजताना

मधल्या खणात, एका वेळी एकच ट्रे. ओटीजीत वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा. आठव्या मिनिटाला ट्रे फिरवा, बहुतेक घरगुती ओव्हन मागच्या बाजूला जास्त तापतात. मऊ-चिवट हवी असतील तर १२ मिनिटं, कुरकुरीत हवी असतील तर १५. बाराव्या मिनिटाला कडा गडद सोनेरी आणि मध्य अजून फुगीर, बोट लावलं तर दबणारा असतो. ‘कच्चं राहिलं’ असं वाटून इथे पुष्कळ जण आणखी पाच मिनिटं ठेवतात, आणि गार झाल्यावर बिस्किट खलबत्त्यात घालावं लागतं. ओव्हनमधून काढताना ते मऊच असायला हवं. ट्रेवर पाच मिनिटं तसंच राहू द्या, उचलायला गेलात तर मोडेल. मग जाळीवर काढा. पूर्ण कडकपणा यायला अर्धा तास लागतो. पहिल्या वेळी दोनच बिस्किटं भाजून, गार करून, चावून पाहा आणि आपल्या ओव्हनचा वेळ कागदावर लिहून ठेवा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या कढईत किंवा शिट्टी काढलेल्या, बिनपाण्याच्या कुकरमध्ये दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर कडं ठेवा आणि झाकून मध्यम आचेवर १२ मिनिटं तापवा. कुकरची रबराची रिंगही काढून ठेवा. कागद लावलेल्या ताटलीत एका वेळी चार-पाच बिस्किटं ठेवून मंद आचेवर १८ ते २२ मिनिटं. तळ छान भाजतो, माथा मात्र फिका राहतो. उलटायचा मोह आवरा, गरम असताना ती मोडतात.

बिघडलं तर कारण इथे शोधा

बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली: मिश्रण गरम होतं, ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता, किंवा बटर-साखर जास्त पडली. पहिलं कारण सर्वांत नेहमीचं.

पसरलीच नाहीत, लाडूसारखी राहिली: कप दाबून भरल्याने मैदा जास्त झाला, झटपट ओट्सनी पाणी ओढलं, किंवा मिश्रण पातेल्यात तासभर पडून राहिलं.

तपकिरी ठिपके आणि मध्येच साबणासारखी चव: सोडा पाण्यात नीट विरघळला नाही. सगळ्याच बिस्किटांना तशी चव असेल तर सोडा जास्त झाला. जुन्या कृतींत पूर्ण चमचा असतो, पण तो शिगोशिग भरला की नक्की लागतो.

तळ करपला, मध्य पिठूळ: ट्रे पातळ आहे किंवा खालच्या रॉडला फार जवळ आहे. एक खण वर घ्या, ट्रेखाली दुसरा उलटा ट्रे ठेवा.

टिकवणं आणि पार्सल

पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट भरली तर डब्याच्या झाकणाला घाम येतो आणि सगळी मऊ पडतात. चिवट बिस्किटं घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस, कुरकुरीत तीन आठवडे चांगली राहतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ओट्स हवेतला ओलावा दोन दिवसांत ओढतात. तेव्हा १५ मिनिटंवाली कुरकुरीतच करा, आणि मऊ पडली तर १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं तापवून गार करा.

सीमेवरच्या मुलाला किंवा वसतिगृहातल्या लेकीला पाठवायची असतील तर दोन-दोन बिस्किटं पाठीला पाठ लावून कागदात गुंडाळा, पत्र्याच्या डब्यात उभी रचा आणि रिकाम्या जागा कागदाच्या बोळ्यांनी घट्ट भरा. डबा हलवल्यावर आवाज येता कामा नये. बिस्किट मोडतं ते आतल्या हालचालीने.

सैनिकांची फरशी करून पाहायची असेल तर

शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांनी ही जरूर करावी. २५० ग्रॅम कणीक, १५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम दूध पावडर, ३ ग्रॅम मीठ आणि साधारण ११० मिली पाणी. पुरीपेक्षाही घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. जेमतेम एक सेंमी जाड लाटून ९ सेंमीचे चौकोन कापा. चार-पाच होतील. स्वच्छ खिळ्याने किंवा जाड काडीने पाच ओळींत पाच-पाच आरपार भोकं पाडा. भोकं नसतील तर वाफ आत कोंडून चौकोन फुगतो आणि मधला भाग ओला राहतो. १९० अंशांवर २५ ते ३० मिनिटं भाजा, मग ओव्हन ११० अंशांवर आणून दीड तास वाळवा.

गार झालेली फरशी टेबलावर आपटली तर लाकडासारखा ठक्क आवाज येतो. मुलांना ती थेट चावायला देऊ नका. फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडा आणि एक तुकडा गरम चहात पाच मिनिटं बुडवून ठेवा. पाच मिनिटांनी वरचा थर मऊ होतो, आतला गाभा तरीही करकरतो.